तीस सेकंद कोणी ठरवले?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात एखादी फाइल कॉपी केली आणि पडद्यावर काम झाल्याची खूण उमटली, तरी ती फाइल त्या क्षणी डिस्कवर पोचलेली असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती मेमरीतच असते, आणि नेहमीच्या मांडणीत तिथे तीस सेकंद तरी थांबू शकते. या तीस सेकंदांमागे यंत्राची कुठलीही सक्ती नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स’ नावाचा एक आकडा आहे. त्याची ठरावीक किंमत ३००० शतांश सेकंद आहे, आणि कमांड लाइनवरून एक ओळ लिहून ती कुणालाही बदलता येते. फक्त त्या यंत्रावर प्रशासकाचा हक्क हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला असताना किंवा वळवाच्या पहिल्या वादळात यवतमाळ जिल्ह्यात ‘लाईन जाणं’ ही नवलाची गोष्ट नाही, आणि लाईन गेली की मेमरीतलं सगळं जातं. मग प्रश्न असा, की हे तीस सेकंद कोणासाठी ठरवले आहेत, आणि ते तसेच ठेवावेत की नाही, हे कोणी ठरवायचं? कर्नलमधल्या हजारभर आकड्यांपैकी बहुतेकांना हात लावू नये, हे माझंही मत आहे. पण त्यातले मोजके आकडे असे आहेत, की त्यांचं योग्य उत्तर यंत्राबाहेरच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. ती परिस्थिती कर्नल लिहिणाऱ्याला दिसत नाही; दारव्ह्याच्या किंवा वणीच्या संगणक कक्षात बसलेल्या माणसाला दिसते. तेवढे आकडे त्या माणसाने स्वतः ठरवले पाहिजेत.

आधी या आकड्यांचा ठावठिकाणा. कर्नल म्हणजे मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि प्रोसेसरचा वेळ यांची वाटणी करणारा प्रोग्रॅम. वाटणी म्हटली की नियम आले, आणि नियम म्हटले की कुठे तरी हद्द आखावी लागते: किती मेमरी भरली की जुनं बाहेर काढायचं, उत्तर आलं नाही तर किती वेळ वाट पाहायची, एका प्रोग्रॅमला किती फाइली उघडू द्यायच्या. या हद्दी कोडमध्ये कायमच्या कोरून ठेवल्या असत्या, तर दर वेळी नवा कर्नल बांधावा लागला असता. म्हणून त्यांतल्या पुष्कळशा बाहेर उघड्या ठेवल्या आहेत. लिनक्समध्ये त्या ‘/प्रॉक/सिस’ या डिरेक्टरीत फाइलींच्या रूपात दिसतात. त्या खऱ्या फाइली नाहीत, डिस्कवर त्यांचा एक बाइटही नसतो. वाचायला गेलं की कर्नल तिथल्या तिथे आपल्या पोटातला आकडा काढून देतो, आणि लिहिलं की तो आकडा त्याच क्षणी बदलतो. हेच काम सोयीने करणारी कमांड म्हणजे ‘सिस-सीटीएल’. ही कल्पना मूळची बर्कलेच्या युनिक्समधली, १९९३ च्या ४.४ बीएसडीमधून आलेली. लिनक्सने ती नव्वदीच्या दशकात उचलली आणि पुढे फाइलींच्या मार्गालाच इतकं प्राधान्य दिलं, की जुना सिस्टीम कॉल २०२० च्या सुरुवातीला आलेल्या ५.५ आवृत्तीत काढूनच टाकला. ‘सिस-सीटीएल -ए’ असं टाइप केलं (अर्थात रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत), की आकड्यांची हजारेक ओळींची यादी सरसर वर जाते. नावं टिंबांनी जोडलेली असतात आणि पहिल्या शब्दावरून खातं कळतं: ‘व्हीएम’ मेमरीचं, ‘नेट’ नेटवर्कचं, ‘एफएस’ फाइल सिस्टीमचं, ‘कर्नल’ बाकी कारभाराचं.

त्या यादीतले चार आकडे आपल्या प्रश्नाचे आहेत. प्रोग्रॅमने फाइलमध्ये काही लिहिलं, की कर्नल ते मेमरीतल्या एका पानावर टिपतो आणि पान ‘डर्टी’ म्हणजे अजून डिस्कवर न उतरलेलं अशी खूण करतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या गर्दीत कच्च्या वहीत नोंद करतो आणि फुरसतीने पक्क्या वहीत उतरवतो, तसाच हा व्यवहार. दर पाच सेकंदांनी एक कामगार जागा होतो (‘डर्टी_रायटबॅक_सेंटिसेक्स’, किंमत ५००) आणि तीस सेकंदांहून जुनी झालेली पानं डिस्ककडे रवाना करतो. अशा पानांचा ढीग उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला, तर वयाची वाट न पाहता मागच्या मागे उतरवणी सुरू होते. २० टक्क्यांवर गेला, तर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवलं जातं. म्हणजे वाईटात वाईट हिशेब तीस अधिक पाच सेकंद, आणि वर डिस्कला प्रत्यक्ष लिहायला लागेल तो वेळ. ही दिरंगाई आळसातून आलेली नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला विखुरलेल्या लहान लहान नोंदी एकेक करून लिहिणं फार महाग पडतं. त्या साठवून, क्रमाने लावून एकत्र लिहिल्या की तेच काम कितीतरी पटींनी लवकर होतं. शिवाय पुष्कळ तात्पुरत्या फाइली तीस सेकंदांच्या आत जन्मतात आणि पुसल्याही जातात. त्या डिस्कपर्यंत न पोचणं हाच फायदा. वेग आणि सुरक्षितता यांचा हा सौदा आहे, आणि सौदा म्हणून तो वाजवी आहे.

वाजवी, पण अढळ नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा कर्नलच्या स्वतःच्या इतिहासात आहे. ज्या २० टक्क्यांचा वर उल्लेख आला, ती किंमत एकेकाळी ४० होती. २००७ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ती १० वर आणली, कारण मेमरी वाढली तसा न उतरलेल्या पानांचा ढीगही वाढून यंत्र मध्येच गोठल्यासारखं होत होतं. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, ती दुप्पट करून २० केली गेली; १० वर काही कामांचा वेग फारच घसरत होता. २०१३ मध्ये साचणाऱ्या ढिगाची तक्रार पेनड्राइव्हच्या निमित्ताने पुन्हा निघाली, तेव्हा टोरवाल्ड्सने स्वतःच सांगितलं, की टक्केवारीची ही कल्पना ८ ते ६४ मेगाबाइट मेमरी असण्याच्या काळातली आहे. आठ मेगाबाइटचे २० टक्के म्हणजे दीड मेगाबाइट. त्यावर कोणाची हरकत असणार? पण चार गिगाबाइटच्या यंत्रात तीन गिगाबाइट उपलब्ध असतील, तर २० टक्के म्हणजे सहाशे मेगाबाइट होतात. सेकंदाला पाच मेगाबाइट लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हवर एवढा ढीग उतरायला दोन मिनिटं लागतात. फोटो स्टुडिओत किंवा डीटीपीच्या दुकानात कॉपीची पट्टी झटकन पूर्ण होते आणि मग ‘इजेक्ट’ केल्यावर बराच वेळ काहीच होत नाही, याचं कोडं इथे सुटतं. आणि घाईत ओढून काढलेल्या पेनड्राइव्हवर अर्धवट फोटो का सापडतात, त्याचंही. नव्या कर्नलमध्ये प्रत्येक उपकरणाला त्याच्या वेगाप्रमाणे वाटा देण्याची सोय आहे, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी झालाय, संपलेला नाही. मुद्दा असा, की ठरवणाऱ्यांनीच हा आकडा दोनदा फिरवला आणि त्याच्या पायाबद्दल शंकाही बोलून दाखवली. जो आकडा त्याच्या कर्त्यालाही पवित्र वाटत नाही, तो आपण देव्हाऱ्यात ठेवायचं कारण नाही.

याहून थेट पुरावा आपल्या खिशात आहे. यवतमाळमध्ये लिनक्स कुठे आहे, असं विचारलं तर बहुतेकांची नजर महाविद्यालयांकडे जाईल. यवतमाळचं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी संगणक शाखेला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय असतो, आणि त्याची प्रात्यक्षिकं करायला लिनक्ससारखं फुकट आणि उघडं साधन दुसरं नाही. सरकारी बाजूने सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स काढली. तालुक्याच्या कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत मात्र पडद्यावर मुख्यतः विंडोजच दिसतं, हे कबूल केलं पाहिजे. पण जिल्ह्यात सर्वांत जास्त पसरलेला लिनक्स कर्नल यांपैकी कुठेच नाही. तो अँड्रॉइड फोनमध्ये आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत झरी-जामणीचा किंवा घाटंजीचा शेतकरी बांधावर उभा राहून कपाशीचा फोटो घेतो, तेव्हा तो फोटो साठवण्याचं काम याच कर्नलचं हेच तंत्र करतं. आणि अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये, फोन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या मांडणीत, आपले तीस सेकंद बदलून दोन सेकंद केलेले आहेत: ३००० च्या जागी २००. मागच्या मागे उतरवणी सुरू करण्याची हद्दही १० टक्क्यांवरून ५ वर आणलेली आहे. त्यामागे केवळ बॅटरी संपण्याची धास्ती असेल असं नाही. एकदम मोठा ढीग उतरवताना फोन अडखळू नये, हाही विचार असणारच. पण एवढं उघड आहे, की कर्नल तोच, कोड तोच, परिस्थिती वेगळी म्हणून आकडा पंधरापट वेगळा. गूगलच्या अभियंत्यांना फोनची परिस्थिती ठाऊक होती म्हणून त्यांनी फोनसाठी ठरवलं. भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या, बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपची परिस्थिती तिथे बसलेल्याला ठाऊक आहे.

विजेच्या बाबतीत ही परिस्थिती काय आहे, ते फार सविस्तर सांगायला नको. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने रोज कित्येक तासांचं भारनियमन पाहिलं. ते दिवस मागे पडले, गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे झाले, तरी शेतीपंपाची वीज ठरावीक तासांच्या पाळीनेच मिळत राहिली, आणि घरगुती लाईनही वादळात, रोहित्र जळाल्यावर किंवा दुरुस्तीच्या वेळी न सांगता जाते. गंमत अशी, की वेळापत्रकाने जाणाऱ्या विजेचा संगणकाला त्रास नसतो. माणूस आधी यंत्र बंद करतो. नुकसान करते ती अवचित जाऊन दोन सेकंदांत परत येणारी वीज. इन्व्हर्टर असला तरी जुन्या बॅटरीवर भार बदलताना संगणक रीस्टार्ट होतो, आणि यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याच्या उष्णतेत लवकर थकते. अशा ठिकाणी न उतरलेल्या नोंदी पस्तीस सेकंद मेमरीत ठेवणं म्हणजे त्या रोजच पणाला लावणं आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा असतो: ज्या प्रोग्रॅमला माहिती जपायची आहे, तो कर्नलच्या भरवशावर राहतच नाही. तो ‘एफसिंक’ नावाची विनंती करतो आणि नोंद डिस्कवर उतरल्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, फोनमधलं एसक्यूलाइट, सगळे हेच करतात. मग तीस असले काय आणि पाच असले काय? आक्षेप खरा आहे आणि त्याने प्रश्नाचा आवाका नीट आखला जातो. हिशेब डेटाबेसमध्ये असतील, तर हा आकडा तुमच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. पण साधी कॉपीची कमांड ‘एफसिंक’ करत नाही. विद्यार्थ्याने घाईत लिहिलेला प्रोग्रॅम करत नाही. कितीतरी लहान साधनं आपापल्या मांडणीच्या फाइली लिहिताना करत नाहीत. २००९ मध्ये ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम नवी असताना हे फार ठळकपणे दिसलं. यंत्र अचानक बंद पडलं की काही वापरकर्त्यांच्या डेस्कटॉपच्या मांडणीच्या फाइली शून्य बाइटच्या होऊन बसत: नाव जागेवर, मजकूर गायब. कारण फाइलच्या नावाची नोंद आधी पक्की होत होती आणि मजकुरासाठी डिस्कवर जागा नेमण्याचं काम नंतरसाठी ठेवलेलं होतं. फाइल सिस्टीमचा कर्ता थिओडोर त्सो म्हणाला, चूक प्रोग्रॅमची, त्यांनी ‘एफसिंक’ करायला हवं. तत्त्वतः त्याचं बरोबर होतं. तरीही त्याने कर्नलमध्येच तडजोड घातली, कारण जगातले सगळे प्रोग्रॅम दुरुस्त होईपर्यंत लोकांनी थांबायचं, ही काही व्यवहार्य अपेक्षा नव्हती. आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्राबाबतही उत्तर तेच: प्रोग्रॅम सुधारणं आपल्या हातात नसतं, आकडा असतो.

दुसरा आक्षेप सरळ आहे. खरा इलाज चांगला यूपीएस आहे. आकडे बदलून वीज येत नाही. हे मान्यच आहे, आणि यूपीएसच्या बॅटरीचे पैसे वाचवायला कोणी हा लेख वापरू नये. आकडा बदलल्याने हानीची खिडकी लहान होते, बंद होत नाही. शिवाय डिस्कच्या स्वतःच्या पोटातही थोडी मेमरी असते आणि तिथे अडकलेल्या नोंदींवर या आकड्यांची सत्ता चालत नाही. तिथे फाइल सिस्टीमच वेळोवेळी डिस्कला ‘आता खरंच उतरव’ असं बजावत असते. पण यूपीएसची बॅटरी गेल्याचं सहसा लाईन गेल्यावरच कळतं. त्या एका दिवसासाठी खिडकी पस्तीसऐवजी सात सेकंदांची असली, तर ते फुकट मिळालेलं संरक्षण आहे. तिसरा आक्षेप किमतीचा: वारंवार लिहिलं की वेग कमी होतो आणि एसएसडी झिजते. किंमत खरी आहे, कारण ज्या तात्पुरत्या फाइली पूर्वी डिस्कला न शिवता मरत होत्या, त्यातल्या काही आता लिहिल्या जातील. मात्र लेख लिहिणं, कोड संकलित करणं, फोटो हाताळणं अशा कामांत हा फरक जाणवावा इतका नसतो. जिथे दिवसभर गिगाबाइटच्या गिगाबाइट लिहिले जातात, अशा सर्व्हरवर तो जाणवेल. तिथे जनरेटरही असतो, आणि तिथे हा बदल करू नये. एकच सल्ला दोन्हीकडे लागू पडत नाही, हे या सगळ्या चर्चेचं मूळ आहे.

प्रत्यक्ष बदल करण्याआधी मोजावं. ‘/प्रॉक/मेमइन्फो’ या फाइलीत ‘डर्टी’ आणि ‘रायटबॅक’ अशा दोन ओळी असतात. पाचशे मेगाबाइटची फाइल कॉपी करताना त्या दर सेकंदाला पाहिल्या, की ढीग कसा साचतो आणि कधी उतरतो हे डोळ्यांना दिसतं. मग ‘सुडो सिस-सीटीएल -डब्ल्यू’ लिहून पुढे आकड्याचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि नवी किंमत द्यायची. चार गिगाबाइट मेमरी आणि तबकडीची डिस्क असलेल्या, कमकुवत यूपीएसवरच्या यंत्राला माझ्या मते वयाची मर्यादा ५०० आणि जागं होण्याचा अवकाश २०० पुरेसा आहे. टक्केवारीऐवजी ‘डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स’ आणि ‘डर्टी_बाइट्स’ हे बाइटमधले आकडे वापरून अनुक्रमे १६ आणि ४८ मेगाबाइटची हद्द घालणं जास्त समजण्यासारखं आहे. बाइटचा आकडा दिला की टक्केवारीचा आपोआप शून्य होतो. घाबरायचं काही नाही, दोन्हींपैकी एकच चालतो. असा केलेला बदल यंत्र रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतो, आणि नवख्याला दोष वाटणारी ही गोष्ट खरं तर या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी सोय आहे. काही बिघडलं तर यंत्र बंद करून चालू केलं, की आपला सगळा पराक्रम विसरला जातो.

आता उलट बाजू. आकडे उघडे आहेत म्हणून ते सगळे फिरवायचे, हा आजारही फार पसरलेला आहे, आणि त्याचं औषध म्हणून ‘कशालाच हात लावू नका’ म्हणणाऱ्यांशी माझं निम्मं एकमत आहे. कुणाच्या तरी ‘वेग वाढवा’ यादीतून वीस ओळी उचलून फाइलमध्ये टाकायच्या, हा त्या आजाराचा नेहमीचा प्रकार. मोकळी मेमरी कमी दिसते म्हणून ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये दर तासाला ३ लिहिणारे प्रशासक अजून आहेत. ‘मोकळी’ दिसत नाही ती मेमरी कर्नलने वाचलेल्या फाइली जवळ ठेवायला वापरलेली असते आणि मागताक्षणी मिळते; ती पुसली की त्याच फाइली डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागतात आणि यंत्र हळू होतं. कर्नलचा स्वतःचा दस्तऐवज हा आकडा चाचणीखेरीज वापरू नका म्हणून सांगतो. मेमरीतली पानं बाहेर हलवण्याचा कर्नलचा कल ठरवणाऱ्या ‘स्वॉपिनेस’चंही तसंच. मूळ किंमत ६०. ती १० करावी हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. पण मेमरीतच दाबून साठवणारं झेडरॅम वापरात असेल, तर तिथे पानं हलवणं स्वस्त असतं आणि आकडा उलट शंभरच्या वर नेणं योग्य ठरतं; त्यासाठीच २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून त्याची कमाल मर्यादा १०० वरून २०० केली गेली. दोन गिगाबाइटच्या जुन्या यंत्रावर झेडरॅम लावून हा आकडा १० ठेवणारा माणूस एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतो.

सर्वांत बोलकं उदाहरण ‘टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल’चं आहे, आणि त्याचा फटका बसणारा माणूस सर्व्हरपासून शेकडो किलोमीटर लांब मारेगावात बसलेला असू शकत होता. संपलेली जोडणी कर्नल थोडा वेळ लक्षात ठेवतो. गजबजलेल्या सर्व्हरवर अशा हजारो नोंदी दिसतात आणि प्रशासकाला त्या खटकतात. हा आकडा १ केला की त्या लवकर निकाली निघत, म्हणून तो प्रत्येक ‘वेग वाढवा’ यादीत असे. पण त्यासाठी कर्नल प्रत्येक पत्त्यावरून शेवटचा आलेला वेळेचा शिक्का लक्षात ठेवी आणि त्याच पत्त्यावरून त्याहून मागचा शिक्का असलेली नवी जोडणी आली, की ती शिळी समजून मुकाट्याने टाकून देई. एका पत्त्यामागे एकच यंत्र असतं, तर हे ठीक होतं. मोबाइल कंपन्या मात्र कितीतरी ग्राहक एकाच जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यामागे ठेवतात, आणि प्रत्येक फोनचे शिक्के वेगळे. परिणाम असा, की एका फोनवर संकेतस्थळ उघडायचं आणि शेजारच्या फोनवर त्याच वेळी अडकून बसायचं. सर्व्हरच्या नोंदीत चूक काहीच नाही, कारण टाकून दिलेली जोडणी तिथे लिहिलीच जात नव्हती. दोष नेटवर्कला दिला जाई. २०१७ च्या ४.१२ आवृत्तीत हा आकडा कर्नलमधून काढूनच टाकला. इथे आकडा बदलणाऱ्याला त्याच्या यंत्राची परिस्थिती माहीत होती, पण हा आकडा त्याच्या यंत्रापुरता नव्हता. समोरच्या टोकाला कोण आहे, यावर तो अवलंबून होता. म्हणून माझा निकष असा: ज्या आकड्याचा परिणाम कुठे होतो हे सांगता येतं, जो मोजता येतो आणि ज्याचं उत्तर आपल्या जागेवर अवलंबून आहे, तोच बदलावा.

या निकषात बसणारा आणखी एक लहानसा आकडा ‘कर्नल.पॅनिक’. कर्नलला सावरता न येणारी चूक सापडली, तर तो थांबतो. किंमत ० असेल तर माणूस येऊन बटण दाबेपर्यंत तसाच उभा राहतो. १० केली तर दहा सेकंदांनी स्वतःच पुन्हा सुरू होतो. उमरखेडच्या कुलूपबंद खोलीतल्या यंत्राची देखभाल शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या यवतमाळातून होत असेल, तर या बदलाने एक फेरी वाचते. त्याच यंत्रासमोर दिवसभर माणूस बसत असेल, तर उलट ० बरा: पडद्यावरचा चुकीबद्दलचा मजकूर वाचायला तरी मिळतो.

जो बदल टिकवायचा, तो ‘/ईटीसी/सिस-सीटीएल.डी’ या डिरेक्टरीत वेगळ्या फाइलीत लिहावा. नाव ९९ ने सुरू केलं की ती शेवटी वाचली जाते आणि तिचा शब्द चालतो. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ‘#’ देऊन तारीख, जुनी किंमत आणि कारण मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. कर्नल ते वाचत नाही, पुढचा प्रशासक वाचतो. आणि यूपीएसला नवी बॅटरी बसली, तर कोणती ओळ काढायची, हेही त्याला तिथेच कळतं. पूर्वी सगळेजण ‘/ईटीसी/सिस-सीटीएल.कॉन्फ’ या एकाच फाइलीत लिहीत, आणि जुन्या पुस्तकांत अजून तेच सापडतं. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये मात्र यंत्र सुरू होताना ही फाइल वाचलीच जात नाही. तिच्यात लिहिलेलं सगळं जागेवर दिसतं, चूक झाल्याचा इशारा कुठे येत नाही, आणि तीस सेकंद गुपचूप परत आलेले असतात. बॉसचा पाया डेबियनच असल्याने तिच्या पुढच्या आवृत्त्यांतही हे गृहीत धरून चाललेलं बरं. आवृत्ती बदलल्यावर फाइल उघडून पाहू नये. ‘सिस-सीटीएल’ला आकड्याचं नाव देऊन कर्नललाच विचारावं, की आत्ता किंमत किती आहे.